सांध्याजवळचं हाड मोडलं तर
गुडघा, कोपर, घोटा यांच्याजवळचं हाड चुरा होऊन मोडलं की नुसतं प्लास्टर बहुतेक वेळा पुरत नाही. सांध्याचा पृष्ठभाग वर-खाली जुळला तर पुढे तो झिजतो. म्हणून तुकडे प्लेट-स्क्रूने बसवतात. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी 'एओ' गट काढला, त्यांचं धोरण हेच: हाड पक्कं धरा, सांधा लवकर हलवा. सूज फार असेल तर ऑपरेशनला आठ-पंधरा दिवस थांबतात. हा हलगर्जीपणा नव्हे. सुजलेल्या कातडीवरची जखम नीट भरत नाही. तोवर चोळून मात्र घेऊ नये. बोटं गार, बधिर पडली तर तातडीने दवाखाना. गुडघा वाकवायला लवकर सांगतात, पायावर पूर्ण भार साधारण तीन महिन्यांनी. पुण्यात शनिवार पेठेतून नदी ओलांडली की शिवाजीनगरला संचेती. सरकारी ससून स्टेशनजवळ. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा.