लष्करी युनिटची रचना ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये कशी सांभाळतात?

कंपनीत काम करणाऱ्याला "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?" असं विचारलं, तर तो एकच उत्तर देतो. फौजेत हे एवढं सोपं नसतं. समजा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा एक जवान आहे. त्याचं ट्रेनिंग बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये झालं. त्याचं सर्व्हिस रेकॉर्ड आणि पगाराचा हिशोबही बेळगावलाच. त्याची बटालियन सध्या दूर कुठल्यातरी ब्रिगेडच्या हाताखाली आहे. आणि तो स्वतः काही वर्षांसाठी राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये गेलेला आहे. मग हा जवान नक्की कुठला?

खरं उत्तर असं, की तो एकाच वेळी या सगळ्या ठिकाणचा आहे. कोण हुकूम देतो, कोण पगार काढतो, कोण रेकॉर्ड ठेवतो, याची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि सगळीच बरोबर आहेत. ही गुंतागुंत कॉम्प्युटरला समजावणं हेच लष्करी ईआरपीचं मुख्य काम. ते कसं होतं आणि चुकलं तर काय होतं, हे या लेखात पाहू. सॉफ्टवेअरची उदाहरणं मुख्यतः एसएपी आणि अमेरिकी सैन्याची आहेत, कारण त्यांची माहिती जाहीरपणे उपलब्ध आहे.

लष्कराला ईआरपी कशाला?

ईआरपी म्हणजे संस्थेचे सगळे व्यवहार एकाच डेटाबेसवर चालवणारं सॉफ्टवेअर: माणसं, पगार, खरेदी, गोदाम, दुरुस्ती, हिशोब. कारखान्यात स्टोअरमधून एक बेअरिंग निघालं, की साठा कमी होतो आणि खर्चही त्याच क्षणी हिशोबात पडतो. दोनदा एन्ट्री करावी लागत नाही.

लष्कराकडेही हेच सगळं असतं, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. हजारो गाड्या, लाखो सुटे भाग, लाखो माणसं. फरक एवढाच, की कारखाना जागेवर असतो आणि लष्कर हलतं. आज इथली तुकडी उद्या दुसरीकडे, दुसऱ्याच्या हुकमाखाली. ईआरपी बनवणाऱ्यांनी मुळात स्थिर संस्थेचा विचार केलेला होता. म्हणून एसएपीने संरक्षण आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी वेगळा भाग तयार केला.

'फोर्स एलिमेंट' म्हणजे काय?

एसएपीच्या एचआर मॉड्यूलवर काम केलेल्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. तिथे संस्थेची रचना चार मूळ गोष्टींतून बांधली जाते:

- ऑर्गनायझेशनल युनिट: विभाग. खूण 'ओ'.
- पोझिशन: खुर्ची, म्हणजे मंजूर पद. खूण 'एस'.
- जॉब: पदाचा प्रकार, उदाहरणार्थ ड्रायव्हर किंवा मेकॅनिक. खूण 'सी'.
- पर्सन: त्या खुर्चीत बसलेला माणूस. खूण 'पी'.

या गोष्टी एकमेकांत कोंबलेल्या नसतात, नात्यांनी जोडलेल्या असतात. प्रत्येक नात्याला नंबर असतो. ००२ म्हणजे 'याला रिपोर्ट करतो', ००३ म्हणजे 'याचा भाग आहे', ००८ म्हणजे 'या पदावर हा माणूस आहे'.

फोर्स एलिमेंट म्हणजे याच ऑर्गनायझेशनल युनिटचं लष्करी रूप. त्यात माणसांसोबत सामानही येतं. या तुकडीला किती ट्रक, किती रेडिओ संच, किती जनरेटर मंजूर आहेत? तिचं गोदाम कुठलं? तिच्या गाड्यांची दुरुस्ती कोण करतं? तिचा खर्च कुठल्या खात्यावर पडतो? हे सगळं त्या एका एलिमेंटला जोडलेलं असतं.

म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यातली चौकट आणि फोर्स एलिमेंट यांत मोठा फरक आहे. चौकट फक्त दिसते. एलिमेंट चुकलं, तर सुटा भाग भलत्याच गोदामात जातो.

मंजूर किती आणि हजर किती?

प्रत्येक युनिटचे दोन आकडे असतात: कागदावर असायला हवं ते आणि प्रत्यक्षात आहे ते. अमेरिकी सैन्यात पहिल्या आकड्याच्या दस्तऐवजाला एमटीओई म्हणतात. कुठल्या परिच्छेदात, कुठल्या ओळीवर, कुठल्या हुद्द्याचा, कुठलं काम येणारा माणूस आणि कुठलं साहित्य, हे त्यात ठरलेलं असतं. आपल्याकडे हीच कल्पना वॉर एस्टॅब्लिशमेंट आणि पीस एस्टॅब्लिशमेंट या नावांनी ओळखली जाते.

सॉफ्टवेअर हे दोन्ही आकडे शेजारी ठेवतं आणि फरक दाखवतं. हा फरक म्हणजेच युनिट किती तयार आहे याचा पाया. पण नुसती बेरीज पुरत नाही. वीस ट्रक मंजूर आहेत, वीस हजर आहेत, पण सहा दुरुस्तीत आणि ड्रायव्हर बाराच, तर ते युनिट बारा ट्रकचंच आहे. माणसं, साहित्य आणि दुरुस्ती या तीन नोंदी एकाच एलिमेंटवर आल्या तरच हे दिसतं. तीन वेगळ्या रजिस्टरांत असतील, तर तिन्ही रजिस्टरं बरोबर असूनही उत्तर चुकतं.

प्रत्येक नात्याला तारीख

लष्करी डेटात सगळ्यात महत्त्वाचे कॉलम दोनच: 'पासून' आणि 'पर्यंत'. एसएपीत शेवट माहीत नसलेल्या नात्याला ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख देतात. बदली झाली, की जुनं नातं पुसायचं नाही. त्याला शेवटची तारीख द्यायची आणि नवं नातं सुरू करायचं.

असं केल्याने मागचं आणि पुढचं दोन्ही दिसतं. गेल्या मार्चमध्ये ही गाडी कोणाच्या ताब्यात होती? येत्या ऑक्टोबरला ही कंपनी कोणाच्या हाताखाली असेल?

फौजेतल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. आपल्या सैन्यात जवानाचं लग्न, मूल, रजा, बदली या सगळ्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने होते आणि त्यावरूनच पगार-भत्ते बदलतात. घटना, तिची तारीख आणि तिचा परिणाम, हे तत्त्व कॉम्प्युटरच्या आधीपासूनचं आहे.

युनिटची ओळख: सहा अक्षरांचा कोड

नावावर विसंबून चालत नाही. 'बी कंपनी' प्रत्येक बटालियनमध्ये असते. म्हणून अमेरिकी सेनादलांत प्रत्येक युनिटला यूआयसी नावाचा सहा अक्षर-अंकांचा कोड असतो. पहिलं अक्षर दल सांगतं: डब्ल्यू म्हणजे आर्मी, एन म्हणजे नेव्ही, एम म्हणजे मरीन, एफ म्हणजे एअर फोर्स. आर्मीच्या कोडमध्ये शेवटची दोन अक्षरं 'एए' असली, तर ते मुख्य युनिट. पोटतुकड्यांना तिथे वेगळी अक्षरं मिळतात.

माल पाठवण्याच्या पत्त्यासाठी डोडॅक नावाचा आणखी एक सहा अक्षरी कोड असतो. युनिट 'कोण' हे यूआयसी सांगतो, माल आणि बिल 'कुठे' हे डोडॅक सांगतो. ही जोडी जुळली नाही, की अडचणी सुरू होतात.

एक कंपनी हलते तेव्हा काय होतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ट्रकवाली एक कंपनी सहा महिन्यांसाठी मूळ बटालियन सोडून दुसऱ्या मोहिमेवर जाते.

१. मोहिमेसाठी वेगळी तात्पुरती रचना तयार होते. मूळ रचना तशीच राहते.
२. कंपनीचं हुकमाचं नातं नव्या मुख्यालयाशी जोडलं जातं, सहा महिन्यांच्या तारखा घालून.
३. पदं, बढती, सर्व्हिस रेकॉर्ड यांचं नातं मूळ बटालियनशीच राहतं.
४. सुट्या भागांची मागणी आता जवळच्या गोदामाकडे वळते आणि दुरुस्तीची जबाबदारी नव्या वर्कशॉपकडे जाते.
५. खर्च मोहिमेच्या खात्यावर पडतो.
६. नियमाप्रमाणे मिळणारे जादा भत्ते त्या तारखेपासून सुरू होतात आणि परतीच्या तारखेला थांबतात.

यातली एखादी पायरी राहून गेली, तरी सॉफ्टवेअर बंद पडत नाही आणि स्क्रीनवर लाल अक्षरंही येत नाहीत. ते फक्त जुन्या नात्यावर इमानेइतबारे काम करत राहतं. म्हणून ही चूक लवकर कळत नाही.

चुकलं की भोगतो कोण?

नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे गाओने, आर्मी नॅशनल गार्डच्या सहा युनिट्सची तपासणी प्रसिद्ध केली. नॅशनल गार्डचे सैनिक एरवी अर्धवेळ असतात. बोलावणं आलं, की पूर्णवेळ सेवेत येतात. म्हणजे इथे नातं बदलतं. त्या सहा युनिट्समधल्या ४८१ सैनिकांपैकी ४५० जणांच्या पगारात निदान एक तरी गडबड सापडली. एक मोठं कारण असं, की माणसांची नोंद ठेवणारी सिस्टिम आणि पगाराची सिस्टिम एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. तीच माहिती हाताने पुन्हा भरावी लागायची.

२००६ चा अहवाल जास्त अस्वस्थ करणारा होता. इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या जवळपास १,३०० सैनिकांच्या नावावर मिळून सुमारे १५ लाख डॉलरचं सरकारी देणं लागलेलं होतं. त्यात जादा दिल्या गेलेल्या पगाराची वसुली हा मोठा भाग होता. सैनिक जखमी होऊन हॉस्पिटलमध्ये पोचला, तरी नोंद वेळेत बदलली नाही, म्हणून युद्धक्षेत्राचे भत्ते चालू राहायचे आणि नंतर तेच पैसे कर्ज म्हणून मागितले जायचे. काही प्रकरणं वसुली एजन्सीपर्यंत गेली. 'पर्यंत'चा कॉलम वेळेत न भरल्याची किंमत जखमी माणूस आणि त्याच्या घरच्यांनी मोजली.

अब्जावधी बुडाले ते कसे?

यावर उपाय म्हणून सर्व दलांसाठी मनुष्यबळ आणि पगार एकत्र आणणारी डिमर्स नावाची सिस्टिम पीपलसॉफ्टवर बांधायला घेतली होती. दहाहून जास्त वर्षं आणि सुमारे १ अब्ज डॉलर खर्चून ती २०१० मध्ये रद्द झाली. अमेरिकी हवाई दलाचा ऑरॅकलवरचा ईसीएसएस हा लॉजिस्टिक्स प्रकल्पही साधारण तेवढेच पैसे घालवून नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला. त्याला २०० हून जास्त जुन्या सिस्टिम्सची जागा घ्यायची होती. २०१४ च्या सिनेट समितीच्या अहवालातलं एक मुख्य कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: आपल्या जुन्या सिस्टिम्समध्ये नेमकं काय आहे, हेच हवाई दलाला नीट माहीत नव्हतं.

सगळंच फसलं असं नाही. आर्मीची एसएपीवर चालणारी जीसीएसएस-आर्मी टप्प्याटप्प्याने लावली गेली. पहिल्या टप्प्यात गोदामं आली. दुसऱ्या टप्प्यात, २०१७ पर्यंत, युनिटच्या पातळीवरची मालमत्ता आणि दुरुस्ती आली. मनुष्यबळासाठी आर्मीने आयपीपीएस-ए ही पीपलसॉफ्टवरची वेगळी सिस्टिम बांधली. ती आधी नॅशनल गार्डमध्ये राज्याराज्याने लावली आणि जानेवारी २०२३ मध्ये नियमित सेना, राखीव दल आणि नॅशनल गार्ड तिन्ही एकाच डेटाबेसवर आले. ती तारीखही आधी पुढे ढकलली गेली होती आणि बदलाच्या वेळी जुन्या सिस्टिममधल्या नोंदी काही आठवडे थांबवाव्या लागल्या. २००३ ते २०२३, म्हणजे दुखणं समजल्यापासून वीस वर्षं.

फसलेले आणि जमलेले, दोन्ही प्रकारचे प्रकल्प तयार व्यापारी सॉफ्टवेअरवरच उभे होते. डिमर्स आणि आयपीपीएस-ए तर दोन्ही पीपलसॉफ्टवरचेच. त्यामुळे ब्रँड कुठला, यापेक्षा डेटा आधी साफ केला का आणि लहान तुकड्यांत पुढे गेलो का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नेटवर्क नसेल तर?*
जहाज किंवा दूरची छावणी कायम ऑनलाइन नसते. म्हणून गरजेपुरता डेटा सोबत नेतात, तिथेच नोंदी करतात आणि संपर्क आला की मुख्य सिस्टिमशी जुळवतात. त्या काळात एकच नोंद दोन्हीकडे बदलली गेली, तर कुठली खरी मानायची, हा नियम आधीच ठरवलेला असावा लागतो.

*डेटा गोपनीय नसतो का?*
एका ट्रकची दुरुस्ती ही साधी माहिती. पण सगळ्या ब्रिगेडच्या बंद गाड्यांची यादी एका स्क्रीनवर आली, की ती शत्रूच्या कामाची होते. म्हणून कोणाला काय दिसेल हे त्याच्या पदावरून आणि युनिटवरून ठरतं. म्हणजे सुरक्षाही शेवटी याच रचनेवर उभी असते.

*एक्सेलमध्ये नाही का चालत?*
एका कंपनीपुरतं चालतं आणि लोक चालवतातही. पण एक्सेलमधली बदली पगाराला कळत नाही.

थोडक्यात

लष्करी ईआरपीत रिपोर्ट आणि डॅशबोर्ड नंतर येतात. आधी युनिट, पद, माणूस आणि साहित्य यांची नाती खऱ्या तारखांसह नीट भरावी लागतात. एका माणसाला एकच चौकट द्यायचा हट्ट सोडावा लागतो. तुम्ही अशा प्रकल्पावर काम करत असाल, तर पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारा: एखादी तुकडी उद्या सकाळी हलली, तर ती नोंद कोण बदलेल आणि किती तासांत? याचं उत्तर एका माणसाच्या नावासकट मिळत नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो, तो प्रकल्प अजून तयार नाही.