कोबेची मशीद आणि मुंबईचा कापूस

जपानला जाणारा भारतीय पर्यटक बहुधा टोकियो, क्योतो आणि ओसाका पाहून परततो. ओसाकाहून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या कोबेला थोडेच जण जातात. गेलेच तर बंदर आणि कितानो भागातली युरोपीय व्यापाऱ्यांची जुनी घरं पाहून निघतात. त्या घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, नाकायामाते रस्त्याजवळ, घुमट आणि मिनार असलेली एक इमारत आहे. जपानमध्ये आज उभी असलेली ही सर्वांत जुनी मशीद.

तिची गोष्ट सांगायची तर थेट मुंबईपासून सुरुवात करावी लागते. १८६८ साली कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. जपानच्या सूतगिरण्यांना भारतीय कापूस हवा होता, पण मुंबईहून पूर्वेकडे जाणारी मालवाहतूक ब्रिटिश पी. अँड ओ. आणि तिच्या साथीदार कंपन्यांच्या मुठीत होती. ही मक्तेदारी मोडण्यासाठी जमशेदजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ साली मुंबई-कोबे बोटी सुरू झाल्या. कापसामागोमाग भारतीय व्यापारीही तिकडे गेले.

मशीद उभी राहिली ती मात्र उखडलेल्या माणसांमुळेही. १९२३च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. त्याच सुमारास रशियन क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले तातार मुस्लिमही मांचुरियामार्गे जपानमध्ये येत होते. भाषा वेगळी, पेहराव वेगळा, नमाज मात्र एक. वर्गणी जमली. यान श्वाग्र या चेक वास्तुशास्त्रज्ञाने आराखडा केला आणि २ ऑगस्ट १९३५ रोजी, शुक्रवारी, इथं पहिली जुम्म्याची नमाज झाली.

पुढे महायुद्ध आलं. १९४३ साली जपानी नौदलाने मशीद ताब्यात घेतली. १९४५च्या अमेरिकी बॉम्बफेकीत आसपासचा बराच भाग जळून खाक झाला, मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे भूकंपाने कोबे हादरलं. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. मशीद तेव्हाही टिकली आणि बेघर झालेल्यांना तिथं आसरा मिळाला.

अनेकजण याला चमत्कार म्हणतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण मला त्यात मजबूत सिमेंट-काँक्रीटचं बांधकाम दिसतं आणि ते करून घेणाऱ्यांची समजही दिसते. त्यांच्यातल्या कित्येकांनी कोसळलेलं शहर किंवा सुटलेला देश पाहिला होता. अशी माणसं चार दिवसांसाठी बांधत नाहीत.

याच परिसरात १९८५ साली जैन मंदिर झालं. ज्यूंचं प्रार्थनास्थळही जवळच आहे. पोटापाण्यासाठी वा जीव वाचवण्यासाठी आलेल्यांनी ही प्रार्थनास्थळं उभारली.

स्थलांतरितांचं प्रार्थनास्थळ दिसलं की ‘हे इथले नाहीत’ असं म्हणण्याची सवय सगळीकडेच वाढते आहे. पण १९९५च्या त्या थंडीत ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्यांना ते मशिदीने दिलं. ही मशीद ‘इथली’ आहे हे सिद्ध करायला आणखी कुठला पुरावा हवा?