१७ डिसेंबर : तारा ‘बिभा’
१७ डिसेंबर २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय खगोल संघाने पॅरिसमध्ये ‘एचडी ८६०८१’ या ताऱ्याचे ‘बिभा’ हे नाव जाहीर केले. सुचवले होते सुरतच्या विद्यार्थ्याने. हे नाव ज्यांच्यावरून आले त्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगला फोटोच्या काचपट्ट्यांवर विश्वकिरणांतील मेसॉन हे कण टिपले, १९४९ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. नोबेल मात्र १९५० मध्ये, सरस इमल्शन (पट्टीवरचा प्रकाशसंवेदी लेप) वापरणाऱ्या सेसिल पॉवेल यांना मिळाले.

इमल्शनवर कण टिपण्याची ही पद्धत जुनी झालेली नाही. इमल्शनमधून जाणारा कण चांदीच्या कणांची रेघ सोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती मायक्रॉनपर्यंत मोजता येते. खुफूच्या पिरॅमिडमधली २०१७ मध्ये जाहीर झालेली पोकळी आधी विश्वकिरणांतील कण टिपणाऱ्या इमल्शननेच दाखवली. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलींना बिभाताईंचे नाव शिक्षकांनी आज आवर्जून सांगावे.