चातुर्मासाची पोथी आणि संध्याकाळची मालिका

इंग्लंडांत ९ डिसेंबर १९६० रोजीं ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही दूरचित्रवाणीवरील कथा सुरू झाली. ती अद्यापि संपलेली नाहीं. मँचेस्टरकडील एका कल्पित गांवांतील एक गल्ली, तेथील मद्यगृह, शेजारणींचे कलह, लग्नें आणि मृत्यु, एवढेंच तिचें भांडवल. टोनी वॉरन या तरुण लेखकानें ती योजिली तेव्हां तींत खरोखर नवें होतें तें कथानक नव्हे, तर भाषा. लंडनच्या शिष्ट उच्चारांचा दरारा असलेल्या पडद्यावर उत्तरेकडील कष्टकऱ्यांची बोली आठवड्यामागून आठवडे ऐकूं येऊं लागली.

मराठींत इतकी दीर्घायुषी मालिका झालेली नाहीं. त्यांतल्या त्यांत ‘चार दिवस सासूचे’ हिचें नांव घ्यावें लागेल. ई टीव्ही मराठी वाहिनीवर २००१ पासून २०१३ पर्यंत ती चालली व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी यांची सासू आणि कविता लाड यांची सून हे तिचे दोन खांब. तिची कलात्मक योग्यता फार मोठी होती असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि नांदेड-लातुराकडील घरांत अशा मालिकांनीं जें स्थान मिळविलें, त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें दूरचित्रवाणीच्या पुष्कळ मागें जातें.

या प्रांतीं क्रमशः कथा ऐकण्याची संवय जुनी आहे. निजामी राजवटींत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू. मराठी शाळा तुरळक, आणि स्त्रियांत साक्षरता नांवापुरतीच. अशा स्थितींत वाड्यांत किंवा देवळांत वाचणारा एक आणि ऐकणाऱ्या पंचवीस, असा पोथीचा व्यवहार होता. माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंतील तमाशा पुरुषांचा. पोथी मात्र बायकांचीही. श्रीधराचा ‘हरिविजय’ ३६ अध्यायांचा, ‘रामविजय’ ४० अध्यायांचा, ‘पांडवप्रताप’ ६४ अध्यायांचा. रोज एक अध्याय घेतला तरी चातुर्मास सहज भरून निघे. कथा सर्वांस ठाऊकच असे. उत्कंठा शेवटाची नसे, आज कोणता प्रसंग येणार याची असे. आणि कैकेयीचें कोठें चुकलें याचा वाद दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर चाले. मालिकेवरील वाद याच जातीचा. सुनेला स्वतःच्या सासूविषयीं जें उघड बोलतां येत नाहीं तें पडद्यावरील सासूविषयीं बोलतां येतें, आणि तेंही सासूच्या शेजारीं बसून! ही सोय लहान नव्हे.

योगायोग असा, कीं त्या वाहिनीचें ठाणें हैदराबादनजीक रामोजी फिल्म सिटींत होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी अंमलांतून सुटलेल्या आणि १९५६ सालीं हैदराबाद राज्यापासून वेगळ्या झालेल्या मराठवाड्याला रोजची मराठी गोष्ट पुनः हैदराबादेहूनच यावी, हें मौजेचें खरें. त्या दशकांत खेड्यांवर भारनियमनाचा अंमल कडक होता. मालिका फार मंद चालतात म्हणून सुशिक्षित लोक हंसतात. परंतु वीज केव्हां जाईल याचा नेम नसलेल्या घराला तो मंदपणा उपकारकच होता. चार दिवस चुकले तरी धागा सुटत नसे.

आमची तक्रार निराळी आहे. ‘काय करायलास?’, ‘मी जायलो’ ही इकडची बोली या कथांत क्वचित् कानीं पडते, आणि पडलीच तर बहुधा हंसें पिकविण्यापुरती. दिवाणखाना पुण्या-मुंबईचा, खेडें दाखवावयाचें झालें तर २०१६ सालच्या ‘तुझ्यात जीव रंगला’मध्यें कोल्हापूरकडचें, २०१७ सालच्या ‘लागिरं झालं जी’मध्यें साताऱ्याकडचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या आसपास गांवें नव्या जागीं वसलीं. रुंद रस्ते आले, घरें एकमेकांपासून दूर गेलीं, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार विस्कटला. गल्लीची कथा लिहिणाऱ्याला याहून सकस विषय कोठें मिळेल? पुढें १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरांत आली. घागरींच्या रांगा रात्रीं उशिरापर्यंत हलत नव्हत्या. घरोघरीं मालिका चालूच होत्या, आणि त्यांतील स्वयंपाकघरांत पाणी कोठून येतें हें कोणी विचारीत नव्हतें.