व्यत्ययाची वेळ कोणी ठरवायची?

संगणकशास्त्रातल्या ‘इंटरप्ट’ या संज्ञेसाठी मराठीत ‘व्यत्यय’ हा शब्द सहज सुचतो. आज आपण तो अडथळा या अर्थाने वापरतो. पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ उलटापालट, क्रमाची अदलाबदल असा आहे. पाणिनीच्या व्याकरणातही हा शब्द वैदिक रूपांमध्ये नेहमीच्या नियमाऐवजी दुसरेच रूप येण्याच्या संदर्भात भेटतो. संगणकातल्या व्यत्ययाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. चाललेले काम थांबते हा एक भाग झाला. जे नंतर व्हायचे ते आधी होते आणि आधीचे मागे पडते, हा दुसरा. संगणकाच्या जाळ्यातून येणारी माहिती प्रोसेसरने नेमकी कोणत्या क्षणी दखलीत घ्यावी, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधल्या ओढाताणीचा इतिहास आहे. तो सहसा अभियंत्यांपुरता राहतो. तथापि काळ, क्रम आणि नोंद हे ज्यांचे विषय आहेत, त्या साहित्याच्या अभ्यासकांनीही तो वाचण्यासारखा आहे.

आरंभीच्या संगणकांत व्यत्यय नव्हताच. कार्डवाचक किंवा छपाईयंत्र यांच्याकडून काही हवे असेल तर प्रोसेसर त्यांना पुनःपुन्हा विचारत राही : झाले का? झाले का? या पद्धतीला पोलिंग म्हणतात. वेगवान यंत्राने संथ यंत्रापुढे ताटकळत उभे राहावे, हा त्यातला उघड अपव्यय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘डायसिअक’ या संगणकात बाहेरच्या उपकरणाने इशारा देताच प्रोसेसर हातातला कार्यक्रम सोडून दुसऱ्याकडे वळू शके. त्या दशकाच्या मध्यावर वाताभोगद्यातल्या प्रयोगांची मोजमापे त्या त्या क्षणी टिपण्यासाठी युनिव्हॅक ११०३ या संगणकालाही अशी सोय जोडली गेली. वारा संगणकाच्या सोयीने वाहत नाही. तेव्हा संगणकानेच वाऱ्याच्या वेळेला हजर राहिले पाहिजे, असा हा विचार होता. उपकरणाने हाक मारावी आणि प्रोसेसरने हातचे टाकून धावावे, असा नवा करार यंत्राच्या पोटात झाला.

या कराराची धास्ती सर्वांत आधी ज्यांना वाटली त्यांत एड्सखर डाइक्स्ट्रा होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅम्स्टरडॅमला लोपस्ट्रा आणि स्कोल्टेन हे त्यांचे सहकारी ‘एक्स-१’ या नव्या संगणकाची रचना करीत होते आणि त्यात व्यत्ययाची सोय असावी असा त्यांचा आग्रह होता. डाइक्स्ट्रांनी काही काळ त्याला विरोध केला. त्यांची हरकत तात्त्विक होती. तोवर कार्यक्रम दोनदा चालवला की दोन्ही वेळा पायरीपायरीने तोच घडे. चूक झाली तर ती पुन्हा घडवून पाहता येई. व्यत्यय आला की कार्यक्रमाच्या कोणत्या दोन ओळींच्या मध्ये बाहेरचे जग घुसेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणजे चूक घडेल. पण ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. अखेर त्यांनी ही सोय स्वीकारली, तिच्यासाठीचा कार्यक्रम स्वतः लिहिला आणि १९५९ मध्ये त्याच कामावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यांची भीती मात्र खोटी नव्हती. तिचे प्रत्यंतर पुढे वेगळ्याच वाटेने आले.

ती वाट इथरनेटची. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये या जाळ्याची कल्पना एका टिपणात मांडली. १९८३ मध्ये ते प्रमाणित झाले तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला एक कोटी बिट. इथरनेटवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी येते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. लहानात लहान पॅकेट ६४ बाइटचे. त्याच्या आधीची खूण आणि नंतरची सक्तीची फट धरली की त्याला ८४ बाइटइतका वेळ लागतो. म्हणजे एक कोटी बिटांच्या वेगाला सेकंदात जास्तीत जास्त सुमारे १४,८८० पॅकेटे येऊ शकतात. दोघांमधले अंतर ६७ मायक्रोसेकंद. प्रत्येक पॅकेटमागे नेटवर्क कार्डाने एकदा प्रोसेसरला हाक मारायची, ही त्या काळातली रूढ रीत.

हाकेला किंमत असते. प्रोसेसरला हातातल्या कामाची स्थिती जपून ठेवावी लागते, नव्या कामाच्या सूचना स्मृतीतून आणाव्या लागतात आणि परतल्यावर जुने सूत्र पुन्हा जुळवावे लागते. समजा, या सगळ्याला पाच मायक्रोसेकंद लागतात. मग इथरनेटच्या पहिल्या वेगाला प्रोसेसरचा सात-साडेसात टक्के वेळ केवळ हाकांना ओ देण्यात जाईल. १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या दसपट वेगाला हेच प्रमाण चौऱ्याहत्तर टक्क्यांवर जाईल. १९९८ च्या गिगाबिट वेगाला दर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेटे येऊ शकतात; तेव्हा एका सेकंदातल्या हाकांना उत्तर द्यायला सात सेकंदांहून अधिक वेळ लागेल. गणितच मोडते. प्रोसेसरही या काळात वेगवान होत गेले हे खरे. पण कामाची सांधेबदल करण्याचा खर्च त्यांच्या वेगाच्या प्रमाणात घटला नाही.

गणित मोडल्यावर यंत्राचे काय होते, याचे नेटके वर्णन जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांच्या १९९६ मधल्या निबंधात सापडते. तेव्हाच्या युनिक्स प्रणालींत कार्डाची हाक सर्वोच्च प्राधान्याची असे. हाक आली की पॅकेट उचलून रांगेत ठेवायचे. ते उघडून पाहण्याचे, पुढे पाठवण्याचे काम कमी प्राधान्याने, सवडीने. पॅकेटांचा ओघ वाढत गेला की सवड उरतच नाही. प्रोसेसर पॅकेटे उचलून रांगेत ठेवत राहतो, रांग भरते, आणि नव्याने उचललेले प्रत्येक पॅकेट रांगेच्या तोंडाशी फेकून द्यावे लागते. त्यांच्या प्रयोगात पॅकेटे पारखून पुढे धाडणारा एक संगणक सेकंदाला सुमारे २,००० पॅकेटांनंतर ढेपाळू लागला आणि ६,००० च्या आसपास त्यातून एकही पॅकेट बाहेर पडेना. यंत्र बंद पडलेले नव्हते. ते जिवापाड राबत होते. फक्त त्या राबण्यातून काही निष्पन्न होत नव्हते. या अवस्थेला त्यांनी ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हटले आहे. दारी आलेल्या प्रत्येकाची उठून विचारपूस करण्यातच दिवस मावळावा आणि घरात चूल पेटूच नये, तसा हा प्रकार.

त्यांनी सुचवलेला उपाय दिसायला साधा आहे. पहिली हाक आली की प्रोसेसरने कार्डाला सांगायचे : आता पुन्हा हाक मारू नकोस, मी स्वतः येऊन पाहीन. मग ठरावीक कोट्याइतकी पॅकेटे उचलायची आणि ती शेवटपर्यंत निस्तरायची. मधून इतर कामांनाही पाळी द्यायची. आणि कार्डापाशी काही उरले नाही की पुन्हा हाका मारण्याची मुभा द्यायची. ओघ फारच झाला तर जादा पॅकेटे कार्डापाशीच, त्यांच्यावर काही कष्ट खर्च होण्याआधीच गळून पडतात. टाकायचेच असेल तर लवकर टाकावे, हा यातला कठोर पण शहाणा विवेक. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी हेच तत्त्व लिनक्समध्ये आणले आणि २००१ मध्ये त्यावर निबंध वाचला. ही रचना ‘नापी’ या नावाने ओळखली जाते. त्या आद्याक्षरांचा मूळ अर्थ ‘नवी’ कार्यपद्धती असा होता. ते नवेपण आता दोन दशकांहून जुने झाले आहे आणि रचना मात्र टिकून आहे.

दरम्यान कार्डे बनवणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाने विचार केला. प्रोसेसरने हाका थांबवण्याऐवजी कार्डानेच हाक मारण्याआधी थोडे थांबावे, काही पॅकेटे जमू द्यावीत आणि सर्वांसाठी एकच हाक मारावी. प्रश्न उरतो तो किती थांबायचे हा. इंटेलच्या गिगाबिट कार्डांत यासाठी दोन घड्याळे आहेत. पहिले घड्याळ प्रत्येक नव्या पॅकेटाबरोबर पुन्हा शून्यापासून सुरू होते. काही काळ कोणीच आले नाही, तर ते हाक मारते. हे पंगतीसारखे आहे. ‘आणखी कोणी येतंय का’ म्हणून यजमान थांबतो. पण दर दोन मिनिटांनी एकेक पाहुणा येतच राहिला तर पंगत कधी बसणारच नाही आणि आधी आलेले उपाशी राहतील. म्हणून दुसरे घड्याळ : ते पहिल्या पॅकेटापासून मोजते आणि मध्ये कितीही आले तरी थांबत नाही. मुहूर्त टळला की पानावर बसायचे. याखेरीज हाकांवर एकूण मर्यादाही घालता येते. सेकंदाला ८,००० हून अधिक हाका नकोत असे ठरवले, तर दोन हाकांमध्ये किमान १२५ मायक्रोसेकंद जातात आणि पूर्ण आकाराच्या गिगाबिट ओघात तेवढ्या वेळात दहाएक पॅकेटे गोळा होतात.

इथपर्यंतची कथा कार्यक्षमतेची आहे. खरा पेच यानंतर सुरू होतो. पॅकेट कधी आले याची नोंद पूर्वापार प्रोसेसर करीत असे, आणि तीही हाक ऐकल्यानंतर. हाक उशिरा आली की नोंदीतला क्षण घडल्याचा राहत नाही, कळल्याचा होतो. शिवाय जमून आलेल्या दहा पॅकेटांवर जवळजवळ एकच वेळ पडते. एकेक करून अंतरा-अंतराने आलेले प्रवासी नोंदवहीत एका घोळक्यातून आल्यासारखे दिसतात. रवी प्रसाद, मनीष जैन आणि कॉन्स्टन्टिनोस डोव्रोलिस यांनी २००४ मध्ये दाखवले की, पॅकेटांमधल्या अंतरावरून जाळ्याची क्षमता मोजणाऱ्या पद्धती या घोळक्यांमुळे फसू शकतात. मापकाला वाटते रस्त्याचा स्वभाव कळला. प्रत्यक्षात त्याने दारावरच्या द्वारपालाची सवय मोजलेली असते. बखरीतला प्रसंग आणि बखर लिहिल्याचा काळ यांत फरक करण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हा घोटाळा परका वाटू नये. घटनेचा काळ आणि निवेदनाचा काळ वेगळे असतात, हे कथनमीमांसेतले पहिले पाऊल. इथे ते तांब्याच्या तारेवर, मायक्रोसेकंदांच्या मापाने खरे ठरते. यावरचा उपायही साक्षीपुराव्याच्या शिस्तीला धरूनच निघाला : वेळेची नोंद कार्डानेच, पॅकेट दारात पडताक्षणी करावी आणि प्रोसेसरने ती मागाहून वाचावी. यंत्रांची घड्याळे जुळवण्यासाठी २००२ मध्ये आलेल्या ‘आयईईई १५८८’ या मानकाच्या काटेकोर वापराची भिस्त अशाच नोंदींवर असते.

दुसरा पेच न्यायाचा आहे. मोठी फाइल उतरवून घेणाऱ्याला शंभर मायक्रोसेकंदांचा विलंब जाणवतही नाही. उलट प्रोसेसर मोकळा राहिल्याने त्याचा फायदाच होतो. एकच लहान प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्या कार्यक्रमाला मात्र तो विलंब प्रत्येक फेरीत, विनाकारण सोसावा लागतो. त्याच्या मागून येणारे कोणी नसताना त्याला पंगतीसाठी ताटकळवलेले असते. म्हणून पुढच्या ड्रायव्हरांनी ओघाचा रागरंग पाहून थांबण्याचा काळ बदलत ठेवायला सुरुवात केली. शेअर बाजारात क्षणांशावर नफा मोजणाऱ्यांना तेही पुरत नाही. तिथे हाका पूर्ण बंद करून प्रोसेसरचा एक अख्खा गाभा कार्डाकडे टक लावून बसवला जातो. झाले का? झाले का? १९५० च्या दशकात अपव्यय म्हणून सोडून दिलेली रीत सहा दशकांनंतर सर्वांत महागड्या यंत्रांवर प्रतिष्ठेने परतली. ज्याला एक प्रोसेसर नुसता वाट पाहायला ठेवणे परवडते, त्याला वाट पाहावी लागत नाही.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा पायऱ्यांचा जिना म्हणून शिकवला जातो : आधी पोलिंग, मग व्यत्यय, मग आणखी काही प्रगत. इथे तसा जिना नाही. जुनी रीत चूक नव्हती आणि नवी अंतिम नव्हती. यंत्र कोणाच्या वेळेवर चालावे, या प्रश्नाला प्रत्येक काळाने आपापल्या ओघानुसार उत्तर दिले. डाइक्स्ट्रांना भीती होती ती बाहेरचे जग केव्हाही आत घुसेल याची. त्यावर उपाय म्हणून आपण दारात घड्याळ ठेवले, आणि जगाच्या वेळेची साक्ष आता ते घड्याळ देऊ लागले. त्या घड्याळात एक आकडा आधीच भरलेला असतो : कोणी किती थांबायचे याचा. बहुतेक संगणकांवर तो कोणी बदलत नाही, पाहतही नाही. पण तो आकडा निसर्गाने दिलेला नाही. कोणाचे काम मोडायचे आणि कोणाला तिष्ठत ठेवायचे, यासंबंधी कोणा माणसाने घेतलेला तो निर्णय आहे, आणि निर्णय म्हणूनच तो वाचला गेला पाहिजे.