आंत्रपुच्छदाह, शीर आणि बालरुग्ण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सर्वपरिचित 'सी.पी.आर.', संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने ओळखले जाई. ज्या युवराजाचे हे नाव, तोच पुढे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड झाला. त्याच्या राज्यारोहणासाठी राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले असता २६ जूनचा समारंभ ऐनवेळी पुढे ढकलावा लागला. राजाच्या आंत्रपुच्छाभोवती, अर्थात अपेंडिक्सभोवती, पू साचला होता. २४ जूनला शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी तो काढला व ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. मात्र ट्रीव्ह्ज यांची स्वतःची कन्या दोनच वर्षांपूर्वी याच विकाराने दगावली होती.

शीरमार्गाचा विकास :
त्या काळी शस्त्रक्रियेनंतर उरलेला संसर्ग आटोक्यात आणणारी प्रतिजैविके नव्हती. शिरेतून क्षारजल देण्याचा उपचार थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्येच पटकीच्या रुग्णांवर केला होता. परंतु शिरेत दीर्घकाळ टिकेल असे साधन नव्हते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाले. १९५० च्या सुमारास धातूच्या सुईऐवजी लवचिक प्लास्टिकची नळी आली. दंडाच्या शिरेतून हृदयाजवळ पोहोचणाऱ्या सिलिकॉनच्या लांब नळ्या, म्हणजे 'पिक लाइन', १९७० च्या दशकात प्रचारात आल्या.

निवडीचा प्रश्न :
अपेंडिक्स फुटलेल्या बालकास शस्त्रक्रियेनंतर काही दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. त्याच्या शिरा बारीक असतात आणि वारंवार टोचणे त्याला असह्य होते. उपचार थोड्या दिवसांचा असल्यास हातावरील आखूड नळी पुरते. तो आठवड्यापलीकडे लांबल्यास काखेपाशी थांबणाऱ्या मध्यम लांबीच्या नळीचा विचार होतो. शिरेतून पोषण देणे किंवा शिरेस दाहक औषधे देणे आवश्यक असल्यास पिक लाइन योग्य ठरते. तथापि लांब नळीसोबत रक्ताची गुठळी व जंतुसंसर्ग यांचा धोका येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका तुलनात्मक अभ्यासात, घरी पाठवलेल्या अशा मुलांमध्ये तोंडाने दिलेली प्रतिजैविके पिक लाइनमधील औषधांइतकीच परिणामकारक आढळली. उलट पिक लाइन असलेल्या मुलांना रुग्णालयात परत यावे लागण्याचे प्रमाण अधिक होते.

निष्कर्ष :
१९०२ मध्ये रुग्ण जगेल की नाही, हा प्रश्न होता. आज कोणती नळी व किती दिवस, हा प्रश्न आहे. साधन उपलब्ध आहे म्हणून ते वापरावे, असे हा इतिहास सांगत नाही. उपचाराचा कालावधी व औषधाचे स्वरूप पाहून नळी निवडावी, आणि मूल तोंडाने औषध घेऊ लागताच ती काढण्याचा विचार व्हावा, हेच त्यातून सूचित होते.