तेरचा कुंभार : रस्त्याकडेच्या एका पिढीजात धंद्याचा इतिहास

वर्धापनदिनाची स्मरणिका निघतेय, गावच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असं मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं. आम्ही गिरणी कामगार. आमचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झालेलं. राजांच्या वंशावळी आम्हांस कोणी विचारू नयेत. पण घरातल्या घरात, बापाकडून लेकाकडे चालत आलेला आणि रस्त्याच्या कडेला मांडून विकलेला एक धंदा तेरमध्ये फार जुना आहे. तो म्हणजे कुंभाराचा. त्याचा इतिहास सांगितला की आपल्या स्तूपाचाही बराचसा सांगून होतो.

तेर म्हणजे पूर्वीचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या पुस्तकात तगरचं नाव लिहून ठेवलं आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर असून इथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जातं, असं तो सांगतो. ते तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या इंग्रज विद्वानाने 1901 साली दाखवून दिलं. आता जिथून कापसाच्या गाड्या चालल्या, तिथे गाडीवानाला पाणी लागणार, पाण्याला मडकं लागणार, रात्रीला पणती लागणार. म्हणजे वाट आली की कुंभार आलाच.

त्याचा माल आजही पाहायला मिळतो. तेरचेच कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंमधून गावात शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. पोरांना घेऊन एकदा जाच. पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत दाबून घडवलेल्या बाहुल्या तिथे आहेत. त्यांची केशरचना नि दागिने इतके बारीक, की करणाऱ्याचा हात पिढ्यान् पिढ्या मुरलेला असणार. आणि तेरच्या त्या पाण्यावर तरंगणाऱ्या विटा! त्यात चमत्कार काही नाही. मातीत भुसा कालवून वीट भाजली की भुसा जळून जातो, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते, असं जाणकार सांगतात.

1960 नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननात इथे स्तूप निघाला, तोही भाजलेल्या विटांचा. त्रिविक्रमाचं देऊळ पाठीमागून अर्धगोल आहे आणि विटांचंच आहे; ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं, असं संशोधक मानतात. आपण सातवाहनांचं नाव घेतो, दान देणाऱ्या व्यापाऱ्यांचं घेतो. माती तुडवून, विटा थापून भट्टी लावणाऱ्या घरांचं नाव मात्र कुठल्याच दगडावर नाही.

तथागतांच्या वाङ्मयात मात्र कुंभाराला मान आहे. मज्झिम निकायात घटिकार कुंभाराची कथा आहे. आईबाप म्हातारे नि आंधळे, त्यांना पोसायचं म्हणून तो संसारात राहिला. स्वतः जमीन खणायची नाही, कोसळलेल्या दरडीची किंवा उंदराने उकरलेली माती आणायची, हा त्याचा नेम. भांडी भाजून झाली की मांडून ठेवायची. ज्याला जे हवं ते त्याने न्यावं आणि त्या जागी तांदूळ, मूग, हरभरे ठेवून जावं. भाव नाही, घासाघीस नाही. राजाने गाड्या भरून तांदूळ पाठवले, ते त्याने परत केले. आणि त्याचा जिवलग मित्र जोतिपाल हा ब्राह्मण. कस्सप बुद्धांच्या दर्शनाला चल म्हटलं तरी तो येईना, तेव्हा घटिकाराने त्याचे नुकतेच न्हालेले केस धरले! खालच्या जातीच्या माणसाने माझ्या केसांना हात लावला, तेव्हा काहीतरी मोठंच असणार, असं जोतिपालाला वाटलं आणि तो निघाला. आम्ही ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसते बसून राहिलो होतो.

पुढे तेराव्या-चौदाव्या शतकात याच तेरला गोरोबाकाका झाले. त्यांचं घर आणि तेरणाकाठची समाधी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून कोण पक्कं, कोण कच्चं हे पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट कीर्तनात सांगतात. गोष्ट संतांची, पण तिच्यातलं शास्त्र कुंभाराच्या दुकानाचं. मडकं घेताना टिचकी मारतात; खणखणलं तर पक्कं, बद आवाज आला तर चिरलेलं.

आमच्या आजीला ती टिचकी मारायची मुभा नव्हती. तिचा हात लागला आणि तिने मडकं घेतलं नाही, तर ते दुसरं कोण घेणार? तांब्या-पितळेला विटाळ झाला तर घासून, तापवून चालायचं. मातीचं भांडं फोडायचंच. म्हणून कुंभारीण देईल ते मडकं आजी मुकाट्याने उचलायची. घरी येऊन पाणी भरल्यावर कळायचं, गळतंय की नाही. कुंभारीण वाईट नव्हती. तीही गावच्या बलुत्यावरच जगायची.

गिरणीत आलो तेव्हा जुन्या माणसांकडून तसंच ऐकलं. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला.

बलुतेदारांत कुंभारही होता आणि महारही होता. दोघांचाही धंदा पिढीजात. पण कुंभाराच्या पोराला बापाकडून चाक मिळालं, हुन्नर मिळाला; आपल्याला मिळाली वेठ. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला जवळच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, तिथे बाबासाहेब स्वतः आले होते. वतनाची हाव सोडा, हे त्यांचं सांगणं आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलं म्हणून आपण आज इथे आहोत. तेव्हा कुंभाराचा मुलगा चाक सोडून नोकरीला गेला तर हळहळणाऱ्यांत आम्ही नाही. आपण सोडलं, त्यांनीही खुशाल सोडावं. हुन्नर मात्र कुणीतरी लिहून ठेवायला हवा. लीद किती, राख किती, आवा कसा रचायचा आणि रचलेल्या आव्यावर वळवाचा पाऊस आला तर काय करायचं, हे सारं म्हाताऱ्या माणसांच्या हातात आहे, कागदावर नाही.

स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, फ्रीज आला. तरी चैत्रात गोरोबांच्या यात्रेला ऊन तापतं आणि रस्त्याकडेला माठ मांडलेले दिसतात. बुद्धपौर्णिमेला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी विहाराच्या दारात पाण्याचा माठ ठेवायचा, असं मंडळात ठरलं. महिला मंडळाच्या चौघीजणी आणायला गेल्या. मागे आम्ही पिशवी धरून उभे. त्यांनी दहा माठांना टिचक्या मारल्या, दहाही नापसंत केले, कुंभारणीशी भावावरून हुज्जत घातली आणि अकरावा उचलला.